आतल्या बाईचं वाण

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पाहुण्यानं हॉलमधल्या सोफ्यावर बसावं, यजमानीणबाईंच्या नव्या पडद्यांचं कौतुक करावं आणि आतून येईल ते पाणी प्यावं, हा साधा शिष्टाचार कर्णिकबाईंनी दुबईत होत्या तेवढ्या वर्षांत एकदाही पाळला नाही. चपला काढल्या की त्या तडक स्वयंपाकघरात. "अहो वहिनी, बसा ना, मी आणते पाणी," असं यजमानीण मागून म्हणेपर्यंत बाईंनी फ्रिज उघडलेला असे. "मला माझ्या हातानं घेतलेलंच पाणी लागतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोकांना वाटायचं, बाईंचं सोवळं कडक असेल. सोवळ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आत कोण राबतंय, ते त्यांना बघायचं असे.

विजया कर्णिक ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायच्या. ठेंगणा बांधा, जूनच्या उकाड्यातही कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बोलणं असं, की साधी चहाची ऑर्डर दिली तरी हॉटेलवाल्याला आपलं काही चुकलंय असं वाटावं. शाळा सुटली की त्या दोन रस्ते ओलांडून आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत येत. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मंडळ गणपती बसवायचं, कोजागिरीचं दूध आटवायचं, वर्षाला एक नाटक करायचं; आणि अडल्यानडल्या आपल्या माणसांसाठी या खोलीत एक मदत केंद्रही चालवायचं. म्हणजे पत्रकावर मंडळ चालवायचं. प्रत्यक्षात कर्णिकबाई चालवायच्या. मी जवळच करामा भागात राहत होते, टायपिंग येत होतं, म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथं जायचे.

पहिल्याच दिवशी एक सुतार आला होता. त्याचा पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतला होता आणि गावाकडे त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. त्याची हकिगत ऐकून मी म्हणाले, "किती वाईट वाटतं हो."

"वाईट वाटतं? राग नाही येत?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शुभा, वाईट वाटणाऱ्यांची समिती वेगळी आहे. ते पुढच्या हॉलमध्ये बसतात. इथं बसायचं तर राग यायला पाहिजे."

पुढच्या हॉलमध्ये खरंच कार्यकारिणी बसायची, आणि तिच्याइतकी वाईट वाटून घेणारी माणसं मी आजवर पाहिलेली नाहीत. कुणाला तिकीट काढून दिलं की ही मंडळी फोटोग्राफर बोलवायची. तिकीट घेणारा मान खाली घालून मध्ये उभा आणि दोन्ही बाजूंना सात-आठ सफारी सूट. बाईंना हा प्रकार सहन व्हायचा नाही. पण नियम मंडळाचा. मग त्या काय करत? फ्लॅश उडायच्या क्षणी बरोबर त्या तिकीटवाल्याच्या समोर जाऊन, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहत. "चेहरा त्याचा आहे. त्याला विचारलंत का?" आमच्या स्मरणिकांमध्ये त्यामुळे वर्षानुवर्षं सफारी सूट आणि मध्ये एक सुती पाठ छापून आली आहे.

त्या गोड नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. माझ्या चहाला त्या 'गरम पाणी' म्हणायच्या. एखाद्या भल्या माणसानं वर्गणी द्यायला दोन दिवस उशीर केला तर त्याचा पाणउतारा करायच्या. अध्यक्ष देवस्थळींना, वयानं आणि मानानं मोठ्या माणसाला, त्यांनी भर सभेत "तुम्ही माणूस आहात की उशी?" असं विचारलं होतं. देवस्थळी हसले. ते नेहमीच हसायचे. कुणीही कुठूनही टेकावं असा तो माणूस होता, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

पण बाईंची खरी कामगिरी चालायची ती संक्रांतीत.

बांधकामावरच्या कामगाराला निदान शुक्रवारी सुट्टी असते, तो कुणाला तरी सांगू शकतो. घरकामाच्या बाईचं काय? ती फ्लॅटच्या बाहेर येणार कधी, आणि तुम्ही आत जाणार कसे? घरात जायला पोलीससुद्धा दहा वेळा विचार करतात. मात्र संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही मराठी घराचं दार कुठल्याही मराठी बाईला उघडं असतं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला परत पाठवलं, असं कधी ऐकलंय का कुणी? कर्णिकबाईंनी हे बरोबर हेरलं. संक्रांत लागली की त्या शाळेतून थेट हळदीकुंकवांच्या दौऱ्यावर निघत; गाडी चालवायला मी. दिवसाला तीन-चार घरं. बुरदुबई, करामा, शारजा, जुमेराचे व्हिले. आत गेल्या की स्वयंपाकघरात. तिथल्या बाईला हळदीकुंकू, तिथल्या बाईला तिळगूळ, तिथल्या बाईला वाण. जिच्या धर्मात कुंकू नसे तिला नुसतं वाण. यजमानणी अवघडून जायच्या. "अहो वहिनी, तिला कशाला?" "का? ती बाई नाही?"

वाण म्हणजे दोन दिरहमच्या दुकानातला गुलाबी प्लॅस्टिकचा हातआरसा. हिशेबी बायका लगेच म्हणायच्या, "म्हणजे वीस रुपये धरा की हो, मोलकरणीला!" आरशाच्या मागे एक चिकटपट्टी आणि तिच्यावर एक टेलिफोन नंबर. दुकानाची जाहिरात असावी असा. नंबर कर्णिकांच्या घरचा होता. दुबईत तेव्हा लोकल फोन फुकट, त्यामुळे बिलात काही दिसायची भीती नाही. वाण देता देता बाई हळूच सांगायच्या, "पासपोर्ट तुझ्याकडे आहे का? नसेल आणि कधी घरी जावंसं वाटलं, तर मागच्या नंबरावर फोन कर."

एकदा शारजात यावरून चांगलीच फजिती झाली. स्वयंपाकघरात खाली बसून एक मध्यमवयीन बाई ओला हरभरा सोलत होती. बाईंनी तिला कुंकू लावलं, आरसा दिला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "घाबरू नकोस. पासपोर्ट कुणाकडे आहे?" ती म्हणाली, "माझ्या पर्समध्ये आहे. का हो?" ती यजमानणीची सख्खी बहीण निघाली, साताऱ्याहून महिनाभर राहायला आलेली. परतताना गाडीत मी हसून हसून बेजार. बाई मात्र म्हणाल्या, "हसतेस काय? माहेरपणाला आलेल्या बहिणीला ओट्याखाली बसवलंय, त्याचा नाही राग आला तुला?"

घरी फोन घ्यायचे कर्णिक. अत्यंत शांत गृहस्थ. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होते, दुपारी जेवायला घरी यायचे आणि बायका नेमक्या दुपारीच फोन करायच्या, कारण तेव्हा मालकीण झोपलेली असायची. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात रिसिव्हर, असे ते "हां बहनजी, बोलिए, आराम से बोलिए" म्हणत बसलेले मी पाहिले आहेत. ज्या बाईंच्या आवाजानं वर्ग थरथरायचा त्यांच्या घरी फोनवर हा आवाज यायचा, म्हणून तर बायका बोलायच्या.

आता सुगंधा.

मोहन खानविलकर हे आमच्या मंडळाचे आधारस्तंभ. हा शब्द माझा नाही, स्मरणिकेतला आहे. बांधकामाचा मोठा व्यवसाय, जुमेराला व्हिला, मंडळाच्या प्रत्येक बॅनरखाली त्यांचं नाव. त्यांच्याकडे कणकवलीकडची सुगंधा नावाची बाई कामाला आली. चाळिशीची, विधवा. त्या जानेवारीत कर्णिकबाई तिच्या कपाळाला कुंकू लावायला गेल्या, तशी ती मागे सरली.

"माका नको गे बाय. माझो घोव गेलो."

"मी त्याची चौकशी केली का? कपाळ आहे ना?" म्हणत बाईंनी कुंकू टेकवलंच. वर आरसा दिला. सुगंधा लाजून हसली. नवीनच होती, सगळं बरं आहे म्हणाली. आम्हीही निर्धास्त झालो.

वर्ष गेलं. पुढच्या जानेवारीत पुन्हा खानविलकरांकडचं हळदीकुंकू. या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. "आत फार पसारा आहे हो, तुम्ही बसाच," असं म्हणत शैला खानविलकरांनी स्वतः पाणी आणलं आणि दाराशी उभ्या राहिल्या. बाईंना नाइलाजानं सोफ्यावर बसावं लागलं. वीसेक बायका होत्या. हळदीकुंकू झालं आणि शैलावहिनी ताटातून एकेकीला वाण द्यायला लागल्या. कुणाला स्टीलची वाटी, कुणाला फणी. कर्णिकबाईंच्या ओंजळीत पडला एक गुलाबी प्लॅस्टिकचा हातआरसा.

मराठी बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. आलेलं वाण कपाटात जातं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी ओंजळीत पडतं. तुमच्या घरातही असेल असं एक कपाट. बाईंनी इतका सगळा विचार केला होता, पण स्वयंपाकघरात दिलेलं वाण स्वयंपाकघरात राहत नाही, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी आरसा उलटा केला. चिकटपट्टी खरवडून काढली होती, पण नंबरातले शेवटचे दोन आकडे चिकटून राहिले होते. शैलावहिनींना ती खरंच जाहिरात वाटली असणार, नाहीतर ज्यांचं वाण त्यांनाच परत करण्याइतक्या त्या मूर्ख नव्हत्या.

शैलावहिनी तिळगुळाचं ताट घेऊन पुढे आल्या. "घ्या वहिनी. तिळगूळ घ्या, गोड बोला."

बाईंनी हात मागे घेतला. "थांबा. अजून घेतलेला नाही ना? तेवढ्यात बोलून घेते."

आणि उठून त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत पसारा-बिसारा काही नव्हता. सुगंधा गुळाच्या पोळ्या लाटत होती. दार सताड उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाईंनी विचारलं, "सुगंधाबाई, हा आरसा तुमचा ना?"

सुगंधानं शैलावहिनींकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "व्हतो," ती म्हणाली.

"पासपोर्ट?"

"सायबांकडे हा."

"घरी जायचंय?"

लाटणं तसंच हातात धरून ती रडायला लागली. "माझ्या चेडवाचा लगीन ठरला हा वैशाखात. बापूस नाय तिका. माका जावक व्हया. सायबांक इचारलंय, ते म्हणतत बघूया."

करारात वर्ष भरलं की महिन्याची रजा होती, आणि वर्ष तर कधीच भरलं होतं. फोन मालकिणीच्या बेडरूममध्ये, बेडरूमला कुलूप. कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत जायलासुद्धा परवानगी नव्हती. हॉलमध्ये वीस बायका तोंडात तिळगूळ धरून बसल्या होत्या. एक जण हळूच म्हणाली, "आपण निघू या का?"

"अहो, असं काय करता?" शैलावहिनींचा चेहरा लाल झाला होता. "ती काय परकी आहे का? घरातलीच आहे आमच्या. माझ्या रोहनला तिच्याशिवाय घास जात नाही. घरातल्या माणसाचा पासपोर्ट घरातच राहणार ना?"

"घरातली आहे?" बाईंनी आरसा त्यांच्या ताटात ठेवला. "मग लेकीच्या लग्नाला कुणी घरातलं अडकवून ठेवतं का हो, शैलाबाई?"

तिळगूळ न घेता त्या निघाल्या. मी घेतला होता, तो तोंडात कडू झाला.

दोन दिवसांनी कार्यकारिणीची बैठक. एरवी ही माणसं किती शूर असायची! एखाद्या अरबाच्या, नाहीतर पठाणाच्या घरातली केस आली की मुठी आवळल्या जायच्या, वकिलाती आठवायच्या, छत्रपतींचं नाव घेतलं जायचं. त्या दिवशी मात्र सगळ्यांना घसा खाकरायची साथ आली होती. एक म्हणाला, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. दुसरा म्हणाला, हा त्यांचा डोमेस्टिक मॅटर आहे. खजिनदार म्हणाले, हॉलचं भाडं कोण भरतं याचाही प्रॅक्टिकली विचार व्हावा.

"आपल्याच माणसाची बदनामी आपणच करायची का, वहिनी?" देवस्थळी हसत म्हणाले.

"आपलं माणूस कोण, देवस्थळी? कणकवलीची सुगंधा कोण लागते तुमची? जिच्या भाषेत तुम्ही दरवर्षी नाटकात हशा मिळवता ती?"

"तुमच्या भावना समजतात मला. पण हे सामोपचारानं होईल. मी मोहनच्या कानावर घालतो. लग्नाला तीन-चार महिने आहेत. मी शब्द देतो ना."

सामोपचार! या शब्दाइतका मला दुसरा कुठलाही मराठी शब्द घाण वाटत नाही. बाईंना तेव्हाच वकिलातीत जायचं होतं. पण तक्रार गेली असती तर पहिल्या दिवशी सुगंधालाच त्या घरातून बाहेर पडावं लागलं असतं, आणि मग तिला ठेवायचं कुठे, इथपासून सगळ्याची तयारी मंडळालाच करावी लागली असती. मंडळानं हात वर केल्यावर त्या एकट्या काय करणार? त्यांनी देवस्थळींचा शब्द धरला. फेब्रुवारीत विचारलं तर देवस्थळी म्हणाले, मोहन बिझी आहे. मार्चमध्ये म्हणाले, बोललोय, पॉझिटिव्ह आहे. एप्रिलमध्ये म्हणाले, इन्शाल्ला. अरबी माणसाच्या तोंडी हा शब्द देवाच्या भरवशाचा असतो. देवस्थळींच्या तोंडी त्याचा अर्थ 'आता विषय नको' एवढाच होता.

लग्न आठवड्यावर आलं. त्या शुक्रवारी खानविलकरांकडे दुपारचं जेवण होतं. नवीन बँक मॅनेजर आणि त्यांचं कुटुंब, शिवाय मंडळाची मुख्य मंडळी. आम्हाला बोलावणं नव्हतंच. बाई मला म्हणाल्या, "शुभा, गाडी काढ. यल्ला, चल."

त्या मागच्या दारानं आत गेल्या. पदर खोचला, सुगंधाच्या हातातून श्रीखंडाचं भांडं घेतलं आणि सरळ डायनिंग हॉलमध्ये जाऊन वाढायला सुरुवात केली. मी दारात उभी. बँक मॅनेजरांना काही कळलं नाही, त्यांनी वाटी पुढे केली. देवस्थळींच्या हातातली पुरी हातातच राहिली. सगळ्यात आधी बोलला तो खानविलकरांचा रोहन. बाईंच्याच वर्गात होता.

"मॅम? व्हाय आर यू सर्व्हिंग अस?"

"आय वर्क हिअर नाऊ, रोहन." बाईंनी त्याच्या वाटीत श्रीखंड घातलं. "सुगंधाबाईंच्या मुलीचं लग्न आहे. त्या जाऊन येईपर्यंत तुमच्याकडची धुणीभांडी मी करणार. माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे, बाबांना हवा असेल तर देते."

"मुलीचं लग्न?" मॅनेजरांच्या बायकोनं शैलावहिनींकडे वळून अगदी सहज विचारलं, "मग तुम्ही तिला पाठवलं नाहीत अजून?"

खानविलकर उठले. आवाज दाबून म्हणाले, "वहिनी, प्लीज. तमाशा नको. पासपोर्ट देतो मी."

"आज."

"आज शुक्रवार आहे. ऑफिस बंद, तो तिथल्या लॉकरमध्ये आहे. उद्या माझा माणूस आणून देईल. खलास, झाला विषय."

"ठीक. तोवर भांडी घासते," असं म्हणून बाई खरोखरच आत गेल्या आणि त्या जेवणाची सगळी भांडी त्यांनी घासली. मी पुसली. सुगंधा मध्ये मध्ये येऊन "नको गे बाय" म्हणत होती.

पासपोर्ट शनिवारी आला नाही. लॉकरची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस म्हणे अबुधाबीला गेला होता. आला तेव्हा तिकीट मिळेना. मे महिना, सगळे भारतीय सुट्टीवर निघालेले. बाईंनी ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात बसून त्याला सळो की पळो केलं. अखेर लग्नाच्या आदल्या संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली. मुंबईहून पुढे मिळेल त्या गाडीनं गाठायचं. विमानतळावर सुगंधा बाईंच्या पाया पडायला वाकली तर बाई खेकसल्या, "वाकू नका, पळा!"

ती आत गेल्यावर मात्र त्या माझ्याकडे वळून हसल्या. "पोचते बघ ती. अक्षता पडायच्या आत पोचते." पुढे कित्येक दिवस, काहीही बिनसलं की त्या म्हणायच्या, "बाकी काही होवो, सुगंधाला लग्नाला पाठवलं की नाही?" दुसऱ्या कुठल्याच केसची फुशारकी त्यांनी कधी मारली नव्हती.

या कामगिरीची पावती त्यांना लवकरच मिळाली. कर्णिकांच्या कंपनीला निम्मी कामं खानविलकरांकडून मिळत. सप्टेंबरात कर्णिकांना सांगण्यात आलं की डिसेंबरनंतर व्हिसा रिन्यू होणार नाही. कारण मंदी. मंदी फक्त त्यांच्याच टेबलापुरती आली होती. इकडे मंडळानं मदत केंद्राची 'पुनर्रचना' केली आणि पुनर्रचनेत बाईंचं नाव राहिलं नाही. देवस्थळी मला म्हणाले, "त्यांच्याविषयी आदर आहे गं, पण त्यांचा स्वभाव." आपल्याकडे कुणी खरं बोललं की पहिल्यांदा त्याचा स्वभाव निघतो. सुगंधाही एव्हाना परत आली होती, खानविलकरांकडेच. लग्नाचं कर्ज डोक्यावर, व्हिसा त्यांचा. दुसरीकडे जाणार कुठे? तिला भेटायची सोय उरली नव्हती.

ऑक्टोबरात मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. कार्यक्रमपत्रिकेवर 'विशेष सत्कार' असं होतं. कुणाचा, ते स्टेजवर गेल्यावर कळलं. श्री. मोहन खानविलकर, आदर्श मालक: आपल्याकडील सेविकेला मुलीच्या विवाहासाठी स्वखर्चानं मायदेशी पाठवल्याबद्दल. मी चौथ्या रांगेत होते. देवस्थळींनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. बाई पहिल्या रांगेच्या कडेला, भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना आमंत्रण नव्हतं, त्या आल्या होत्या. हाताची घडी घातलेली. पण चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरासं हसू होतं. घ्या शाल, माझी सुगंधा लग्नाला पोचली ना, असंच काहीतरी त्या मनात म्हणत असणार.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "आणि आता खुद्द सुगंधाताई आपलं मनोगत व्यक्त करतील!"

शैलावहिनींची जुनी जरीची साडी नेसलेल्या सुगंधाला कुणीतरी माईकसमोर आणून उभं केलं. देवस्थळी बाजूनं म्हणाले, "बोल गं, लग्न कसं झालं ते सांग."

"लगीन बरा झाला," ती म्हणाली. "म्हणजे, तसा म्हणतत सगळे. मी पोचलंय तेवा मांडव सोडी होते. चेडू सासराक गेलला."

अक्षता तिच्याविनाच पडल्या होत्या. मग सूत्रसंचालक माईकशी वाकून ओरडला, "जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या वाजल्या. खोटं सांगत नाही, खरोखर वाजल्या. आज इतकी वर्षं झाली तरी त्या टाळ्या आठवल्या की माझ्या हाताची मूठ वळते.

मी बाईंकडे पाहिलं. हाताची घडी सुटली होती. तोंड किंचित उघडं होतं. त्या ओरडतील असं मला वाटलं. देवस्थळींनाही वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागे सरले. बाई ओरडल्या नाहीत. स्टेजवर पुढच्या समूहनृत्याच्या मुली यायला लागल्या होत्या, खानविलकर फोटोसाठी थांबले होते आणि सुगंधा माईकजवळ तशीच उभी होती. तिला खाली जा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. बाई बाजूच्या पायऱ्या चढून वर गेल्या, तिच्यासमोर हात धरला आणि म्हणाल्या, "या खाली. तुम्हाला कुणी थांबवलेलं नाही."

माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलनं ऐकलं.

त्यांनी तिला खाली आणलं आणि पहिल्या रांगेत मधोमध, पाठीवर 'श्री. खानविलकर' असा कागद चिकटवलेल्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या 'सौ. खानविलकर'वर स्वतः बसल्या. शाल-नारळ घेऊन जोडपं उतरलं तेव्हा रांगेत जागा नव्हती. एक स्वयंसेवक बाईंपाशी वाकला, बाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि तो परत गेला. आदर्श मालक नारळ पोटाशी धरून भिंतीशी उभे राहिले.

डिसेंबरात कर्णिक दुबई सोडून गेले तेव्हा मी सासूच्या आजारपणात पुण्याला होते, संमेलनाच्या दुसऱ्याच दिवसापासून. निरोप द्यायचा राहिला. त्यामुळे मला बाई शेवटच्या दिसल्या त्या संमेलनातच. स्टेजवर ढोलकी वाजत होती, मुली नाचत होत्या, सगळा हॉल पुढे बघत होता. त्या दोघींचं तिकडे लक्षच नव्हतं. सुगंधा काहीतरी सांगत होती आणि बाई तिच्याकडे पूर्ण वळून, तिचा एक हात आपल्या दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या. ती लग्नाचंच सांगत असावी. कारण मध्येच तिनं मोकळा हात वर केला, आणि लोकांकडून ऐकलेली लेकीची नथ केवढी होती, ते दोन बोटांनी नाकाशी दाखवलं.